उपकार नको, पावती हवी

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)



'घरभाडे' हा विषय कॉलेजच्या अंकात यावा असा नाही, असे काहींना वाटेल. आपल्या अंकात कथा असतात, कविता असतात, सहलीची वर्णने असतात. परंतु आपल्यापैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवी हाती पडताच गाव सोडणार आहेत, हे आपण सारेच जाणतो. कोणी पुण्याला 'कॉट बेसिस'वर राहील, कोणी हैदराबादला, कोणी बेंगळुरूला, तर एखादा भाग्यवान जर्मनीला किंवा इंग्लंडलाही जाईल. परक्या मुलखात पाऊल ठेवल्यावर त्याला पहिला व्यवहार करावा लागतो तो पोटाचा नव्हे, छपराचा. हा व्यवहार आपल्याला कोणीच शिकवत नाही. बारावीपर्यंत मी चक्रवाढ व्याजाची शंभर गणिते सोडवली, पण 'या खोलीचे योग्य भाडे किती?' हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही. माझ्यापुढे तो आला सुरतेतील पांडेसरा येथे. त्याविषयीचे माझे मत येथे मांडतो.

पांडेसरा हा सुरत शहराच्या दक्षिणेकडील औद्योगिक भाग. गुजरात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत कापड रंगवण्याचे आणि छापण्याचे कारखाने ओळीने उभे आहेत. यंत्रमागावरचे कोरे कापड येथे येते आणि रंगीत साडी होऊन बाहेर पडते. बॉयलरची धुराडी, वाफेचा वास आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या ही या भागाची ओळख. बमरोली, वडोद, भेस्तान या आसपासच्या वस्त्यांतून कामगारांच्या खोल्या आहेत. कामगार ओडिशाचे, उत्तर प्रदेशाचे, बिहारचे आणि आपल्या महाराष्ट्राचेही. विशेषतः जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील लोक सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने पिढ्यान्‌पिढ्या येथे येत आले आहेत. म्हणूनच सुरत महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. पांडेसऱ्यात आणि शेजारच्या उधन्यात फिरताना कानांवर अहिराणी पडत राहते आणि आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडतो.

आमच्या घरची भाषा कन्नड, शाळेची मराठी. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, सोलापुरात यंत्रमागावर काम करत होता. तेथे काम आठवड्यातून चार दिवसांवर आले तेव्हा, २०१७ साली, एका ओळखीच्या माणसाबरोबर तो पांडेसऱ्याला गेला. गुजराती त्याला येत नव्हती आणि हिंदी जेमतेम. अशा माणसाला कोणी मराठीत "या, बसा" म्हटले की तो अर्धा विरघळतो. त्याला खोली दाखवणारा मालक मराठी बोलणारा होता. तो स्वतः तीस वर्षांपूर्वी खानदेशातून कामगार म्हणूनच आलेला. पुढे लहानसा प्लॉट घेऊन त्याने खाली-वर मिळून आठ खोल्या बांधल्या होत्या. दहा बाय बाराची खोली, भाडे महिना २,५०० रुपये, डिपॉझिट १०,००० रुपये. अण्णाने भीत भीत कागदाविषयी विचारले. मालक हसून म्हणाला, "आपण मराठी माणसं. आपल्यात कागद कशाला?"

माझ्या मते परमुलखात भाडेकरूला सर्वांत महाग पडणारे वाक्य हेच होय. त्यात खोटेपणा असतोच असे नाही. त्या क्षणी मालकाच्या मनातही कपट नसेल. परंतु भाषेचा जिव्हाळा कागदाच्या जागी बसला, की पुढे वाद झाल्यावर दोघांकडेही दाखवायला काही उरत नाही.

झाले ते असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. कारखाने बंद पडले. अण्णा मे महिन्यात कसाबसा गावी परतला. खोलीला चार महिने कुलूप होते. सप्टेंबरात तो परत गेला तेव्हा मालकाने चार महिन्यांपैकी दोन महिन्यांचेच भाडे घेतले आणि दोन महिन्यांचे, म्हणजे ५,००० रुपये, सोडून दिले. आमच्या अव्वाने त्या माणसासाठी देवापुढे दिवा लावला. पुढे २०२३ साली अण्णाने ती खोली सोडली. डिपॉझिट मागायला गेला तेव्हा मालकाने ५,००० रुपये हातावर ठेवले. बाकीचे? "टाळेबंदीत दोन महिने थांबलो होतो ना तुझ्यासाठी? ते आता वळते केले." सोडलेले पैसे तीन वर्षांनी 'थांबलेले' पैसे झाले. अण्णाजवळ ना सूट दिल्याचा कागद, ना डिपॉझिटची पावती. किंबहुना मालकाने निम्मी रक्कम मान्य केली हेच नशीब, असे शेजारच्या खोलीतील माणूस म्हणाला. ते पाच हजार माझ्या प्रथम वर्षाच्या फीसाठी धरलेले होते. फी अखेर भरली गेली, पण अव्वाच्या कानांतले गेले.

हा प्रसंग मी मालकाला दुष्ट ठरवण्यासाठी सांगत नाही. तो दुष्ट असता तर त्याने २०२० मध्ये चारही महिन्यांचे भाडे उभे करून घेतले असते. त्या काळात केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च २०२० रोजी आदेश काढला होता. स्थलांतरितांसह कामगार जेथे भाड्याने राहतात तेथील मालकांनी एक महिन्याचे भाडे मागू नये, आणि कामगारांना वा विद्यार्थ्यांना खोली सोडण्याची सक्ती केल्यास कारवाई होईल, असा तो आदेश. हे मला कॉलेजात आल्यावर कळले. म्हणजे हिशेबाने पाहिले तर मालकाने आदेशापेक्षा जास्तच सोडले होते. मात्र ते त्याने मनात सोडले होते, कागदावर नव्हे. जो उपकार लिहिलेला नसतो तो देणाऱ्याला केव्हाही परत मागता येतो, आणि घेणारा मात्र तोवर मान खाली घालून वागत राहतो. आणखी एक गोष्ट अशी की सरकारने कितीही चांगला आदेश काढला, तरी ज्याच्याजवळ भाडेकरू असल्याचा कसलाच पुरावा नाही त्याने तो आदेश कोणाला दाखवायचा? कायदा कागदावर चालतो आणि आमचा व्यवहार तोंडावर चालला होता.

आता योग्य भाडे कसे ओळखावे, या मूळ प्रश्नाकडे वळू. बारावीची परीक्षा देऊन मी त्या उन्हाळ्यात अण्णाकडे गेलो होतो. नवी खोली शोधण्याचे काम माझ्याकडे आले. दलाल एक आकडा सांगतो आणि आपण तो आकडा म्हणजेच भाडे समजतो, ही आपली पहिली चूक. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी तेथे वहीत मांडलेला हिशेब जसाच्या तसा देतो.

पहिली खोली. सांगितलेले भाडे ३,००० रुपये. लाइटचे मीटर मालकाचे, दर युनिटला १० रुपये. महिना ६० युनिटांचे ६०० रुपये. पाण्याचे २००, जिना-संडास साफ करण्याचे १००. म्हणजे महिना ३,९०० झाले. डिपॉझिट १०,०००. ते आमच्यासारख्याला घरातून काढून देता येत नाही, शेकडा दोनने उचलावे लागते. त्याचे व्याज महिना २००. दलाली अर्ध्या महिन्याच्या भाड्याची, म्हणजे १,५०० रुपये. ती अकरा महिन्यांवर वाटली तर महिना १३६. एकूण ४,२३६ रुपये.

दुसरी खोली. सांगितलेले भाडे ३,६०० रुपये, म्हणून अण्णा आत पाहायलाही तयार नव्हता. मात्र तेथे खोलीला वीज कंपनीचे स्वतंत्र मीटर होते. तेवढ्याच युनिटांचे बिल ४०० रुपयांच्या आसपास येत असल्याचे आधीच्या भाडेकरूने दाखवले. पाणी, सफाई भाड्यातच धरलेली. डिपॉझिट एक महिन्याचे, त्याचे व्याज ७२. दलाल नाही. एकूण ४,०७२ रुपये. 'महाग' खोली 'स्वस्त' खोलीपेक्षा महिना १६४ रुपयांनी स्वस्त निघाली.

या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. पहिल्या प्रकारच्या खोलीत सहा जण राहतात. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, माणशी २० चौरस फूट. एक खाट टाकली की संपले. लाइट वगळूनही या खोलीचा खर्च चौरस फुटाला तीस रुपयांच्या वर जातो. अण्णाच्या खात्यातील सुपरवायझर भेस्तानकडे एका सोसायटीत ६०० फुटांच्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्यांचे भाडे ९,००० रुपये, म्हणजे फुटाला पंधरा. ज्याचा पगार कमी त्याला फुटामागे दुप्पट भाडे. याचे कारण उघड आहे. गरिबाला एकदम नऊ हजार आणि मोठे डिपॉझिट देता येत नाही, म्हणून तो जागा किरकोळीने घेतो, आणि किरकोळीचा भाव नेहमीच चढा असतो. सुरतेत वेडरोड, कतारगाम भागांत ओडिशाहून आलेले यंत्रमाग कामगार 'मेस'च्या खोल्यांत राहतात. तेथे दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपतो. तेथे किरकोळीची परिसीमा होते, कारण माणूस जागा नव्हे तर जागेचे बारा तास भाड्याने घेतो.

तेव्हा योग्य भाडे ओळखण्याची माझी रीत तीन प्रश्नांची आहे. महिन्याअखेर खिशातून एकूण किती जाणार? त्याच गल्लीतील तशाच चार खोल्यांचे लोक किती देतात? आणि ही रक्कम केव्हा व किती वाढणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण काढू शकतो. तिसऱ्याचे मालकाकडून आधीच काढून घ्यावे. अडचण दुसऱ्याची आहे. पांडेसऱ्यात मी बारा खोल्यांतून विचारले. कोणी खरे सांगितले, कोणी हसले, एकाने तर "तू कोणाचा माणूस?" असे दरडावले. मालकांना एकमेकांचे भाव ठाऊक असतात. भाडेकरूंना आपसातले भावही ठाऊक नसतात, कारण प्रत्येकाला वाटते की आपल्याला मालकाने खास सवलत दिली आहे आणि ती बोलून दाखवली तर जाईल. येथेही पुन्हा उपकारच आडवा येतो!

याबाबत जर्मनीतील एक पद्धत मला फार आवडली. तेथील शहरांत भाड्याचे तक्ते प्रसिद्ध होतात. त्या तक्त्याला त्यांच्या भाषेत 'भाड्याचा आरसा' अशा अर्थाचे नाव आहे. घर किती जुने, किती मोठे, कोणत्या भागात, सोयी कोणत्या, यांनुसार त्या शहरात साधारण काय भाडे चालते ते त्यात पाहता येते. ५०,००० पेक्षा जास्त वस्तीच्या शहरांना असा तक्ता करणे २०२२ पासून कायद्याने बंधनकारक झाले आहे. तेथे डिपॉझिटही तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि मालकाला ते आपल्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागते. त्यावरचे व्याज भाडेकरूचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ च्या एप्रिलपासून घरमालकाने घेतलेले डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत नोंदवावे लागते. न नोंदवल्यास भाडेकरू त्या रकमेच्या तिप्पटपर्यंत भरपाई मिळवू शकतो. आपल्यापैकी कोणी शिक्षणासाठी तिकडे गेला तर हे त्याने आधी माहीत करून घ्यावे. तेथेही फसवणारे आहेतच. पण तेथील भाडेकरूला मालकाच्या चांगुलपणावर विसंबावे लागत नाही, हा फरक आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत का? आहेत, आणि जुने आहेत. मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. गुजरात १९६० साली वेगळा झाला तरी हा कायदा तेथे पुढे चालू राहिला. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक, पाणी-वीज विनाकारण तोडण्यास मनाई, कोर्टाकडून 'प्रमाण भाडे' ठरवून घेण्याची सोय, या गोष्टी त्या कायद्यात होत्या. पण त्याच कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून टाकली. चाळीतील भाडे जन्मभर तेच राहिले, मालकांनी दुरुस्ती सोडली, नवीन मालक भाड्याने देण्यास कचरू लागले आणि पागडीचा काळा व्यवहार फोफावला. ही गोठलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी ठरली आहेत, असे महाराष्ट्रापुरत्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. पुढे महाराष्ट्रात १९९९ चा नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यात नियंत्रित भाडे दर वर्षी चार टक्के वाढवण्याची मुभा मालकाला मिळाली. 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची, असेही ठरले. तसा करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाते. पुण्याला जाणाऱ्या मित्रांनी हे एवढे तरी पाठ करून ठेवावे.

तात्पर्य, भाडे गोठवणे हा न्याय नव्हे आणि मालक मागेल ते देणे हाही न्याय नव्हे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावे, करार लेखी असावा व त्याची माहिती भाडे प्राधिकरणाला द्यावी, असे सुचवले आहे. भाडे किती हे मात्र दोघांनी ठरवायचे. मला ही दिशा योग्य वाटते. परंतु तो नमुना आहे, स्वीकारणे राज्यांच्या हाती. शिवाय पांडेसऱ्यातील कामगाराला कोर्ट-कचेरीसाठी दिवस मोडावा लागतो. दिवस मोडला की हजेरी बुडते आणि दोन हजेऱ्या बुडल्या की पाच हजारांच्या भांडणात राम उरत नाही.

सरकारने स्वतः भाड्याची घरे बांधावीत, असेही कोणी म्हणेल. जुलै २०२० मध्ये शहरी स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्राची योजना आली. रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने देण्याच्या बाबतीत सुरत पहिल्या काही शहरांपैकी होते. पण त्या टप्प्यात तेथे घरे निघाली ती चारशेच्या आत. लाखो कामगारांच्या शहरात चारशे घरे म्हणजे दर्यामे खसखस. कामगाराचे घर ही केवळ त्याची खासगी बाब नाही, हे सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरातील प्लेगच्या वेळी पाहिले आहे. तेव्हा लोक शहर सोडून पळाले आणि त्यानंतर गल्लीबोळ साफ करण्याची मोठी मोहीम निघाली. ती मोहीम देशभर नावाजली गेली. जे शहर कचऱ्याचा हिशेब ठेवायला शिकले ते खोल्यांचाही ठेवू शकेल, अशी मला आशा आहे. तोवर मात्र आपणच आपली व्यवस्था केली पाहिजे.

आता मालकाची बाजू. ती न मांडता मी हा लेख संपवला तर हिशेबाची एकच बाजू लिहिल्यासारखे होईल. आठ खोल्यांचा मालक हा काही जहागीरदार नसतो. त्याच्यावर बांधकामाचे कर्ज असते. सहा जण सांगून दहा जण राहतात, तीन महिन्यांचे लाइट बिल थकवून एखादा रातोरात गावी निघून जातो, आणि भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत दिली नाही म्हणून गुन्हा मालकावर येतो. भाडेकरू पुढे जागेवर हक्क सांगेल ही भीतीही जुन्या कायद्यापासून मनात बसलेली. म्हणून तो कागद टाळतो. त्याला वाटते, कागद म्हणजे भाडेकरूच्या हातातील शस्त्र. वस्तुतः पळून गेलेल्या भाडेकरूकडून वसुली करायची तर मालकालाही कागदच लागतो. कागद दोघांचाही साक्षीदार आहे.

आम्ही अखेर ती दुसरी खोली घेतली. मालकीणबाई गुजराती, वय सत्तरीच्या घरात. सारी चाळ त्यांना 'बा' म्हणते. बा प्रेमळ वगैरे मुळीच नाहीत. पाहुणा दोन रात्रींहून जास्त राहिला की खोलीच्या दारात येऊन उभ्या राहतात, आणि दर दिवाळीला भाडे किती वाढणार ते आदल्या वर्षीच सांगून ठेवतात. पण पहिल्याच दिवशी त्यांनी एक लाल कापडी वही काढली, अण्णाचे नाव, डिपॉझिट, भाडे, मीटरचा आकडा लिहिला, आपली सही केली आणि तशीच दुसरी वही अण्णाला दिली. दर महिन्याला दोन्ही वह्यांत सही. मी त्यांना म्हटले, "बा, तुम्ही फार कडक हिशेब ठेवता." त्यावर त्या आपल्या भाषेतील म्हण बोलल्या, "हिसाब कोडीनो, बक्षिस लाखनी." हिशेब कवडीचा ठेवावा, बक्षीस हवे तर लाखाचे द्यावे. गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. बालबोध शिकलेल्याला ती वही निम्मी तरी वाचता येते, आणि उरलेली मी अण्णाला देवनागरीत व अव्वासाठी कन्नडमध्ये शेजारी लिहून दिली. पुढच्या वर्षी अण्णा आजारी पडला तेव्हा बांनी अर्ध्या महिन्याचे भाडे सोडले. सोडले ते वहीत लिहून सोडले. ते पैसे आता कोणी परत मागू शकत नाही, आणि अण्णाला त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागत नाही.

मित्रहो, आमच्या सरांनी अकाउंटन्सीच्या पहिल्या तासाला सांगितले होते, 'व्हाउचरशिवाय नोंद नाही.' हे वाक्य परीक्षेसाठी नव्हे, जगण्यासाठी आहे. खोली घेताना चार ओळी लिहून घ्या: भाडे किती, डिपॉझिट किती, ते कशाबद्दल कापले जाईल, सोडताना किती दिवस आधी सांगायचे. मीटरच्या आकड्याचा आणि भिंतींचा फोटो पहिल्याच दिवशी काढून मालकाला पाठवा. भाडे शक्यतो यूपीआयने द्या आणि 'अमुक महिन्याचे भाडे' असे त्यात लिहा, म्हणजे बँकेचे पासबुक हीच पावती होते. मालक रोखच मागत असेल तर वहीत सही घ्या. पाच हजारांपर्यंतच्या पावतीला रेव्हेन्यू तिकीटही लागत नाही, तेव्हा ती सबब चालू देऊ नका. हे मागताना आवाज चढवू नये, पण लाजूही नये. सही मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्या मनावर कोणी तरी बिंबवले आहे. ते काढून टाकले पाहिजे.

आणि एक सूचना आपल्या वाणिज्य मंडळासाठी. आपल्या भागातील गावागावांतून मुले सुरतेला, भिवंडीला, पुण्याला गेली आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारावे: कुठे राहता, खोली केवढी, भाडे, लाइट, पाणी, डिपॉझिट किती, आणि सोडताना किती परत मिळाले? एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण दोनशे घरांचा हिशेब गोळा करू शकू. माणसांची किंवा मालकांची नावे नकोत, फक्त वस्ती आणि आकडे. तो तक्ता याच अंकाच्या मराठी विभागात छापावा आणि कन्नड विभागातही छापावा, कारण ज्याच्यासाठी तो आहे तो दोन्हींपैकी एकच वाचत असेल. जर्मनीच्या नगरपालिका जे करतात ते आपले वाणिज्य मंडळ लहान प्रमाणावर करू शकते. पुढच्या वर्षी गावातून नवा मुलगा पांडेसऱ्याला निघेल तेव्हा दलालाच्या आकड्यासमोर ठेवायला त्याच्या खिशात निदान एक आकडा असेल.

अण्णाची लाल वही आता दीड वर्षाची झाली आहे. तिच्यात अठरा सह्या आहेत. दिवाळीला तो घरी आला तेव्हा अव्वाने ती वही हातात घेतली, सह्या बोटाने मोजल्या आणि देव्हाऱ्याशेजारी रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवायला निघाली. अण्णा म्हणाला, "अव्वा, ती परत न्यायची आहे. एक तारखेला सही घ्यायची."